शेवटच्या बाकावरची वस्ती

लंडनच्या पूर्वेला, टेम्सच्या जुन्या गोद्यांना लागून टॉवर हॅमलेट्स नावाचा भाग आहे. बांगलादेशी खानावळींसाठी प्रसिद्ध असलेली ब्रिक लेन इथलीच. 1997 साली इंग्लंडमधल्या 149 स्थानिक शिक्षण प्राधिकरणांची निकालावरून क्रमवारी लावली, तेव्हा टॉवर हॅमलेट्सचा नंबर 149 वा आला. तिकडे सोळाव्या वर्षी जीसीएसई नावाची परीक्षा होते. आपल्या दहावीसारखीच, पुढची वाट ठरवणारी. पाच विषयांत सी किंवा त्याहून वरची श्रेणी मिळाली की मूल मार्गी लागले, असे तेव्हा धरत. टॉवर हॅमलेट्समध्ये अशी मुले शंभरात जेमतेम 26 निघाली. त्या शाळांतली निम्म्याच्या आसपास मुले सिल्हेटहून आलेल्या बांगलादेशी कुटुंबांतली होती.

निकालाचे कोणाला नवल वाटले नाही. आईबाप खेड्यातून आलेले, बाप खानावळीच्या भटारखान्यात नाहीतर कपडे शिवण्याच्या कारखान्यात, घरात सिल्हेटी बोली, दोन-तीन खोल्यांत सात-आठ माणसे. 1985 च्या सरकारी अहवालानेही आशियाई मुलांचे एकंदरीत बरे चालले आहे, बांगलादेशी मुले मात्र फार मागे आहेत, असे नोंदवून ठेवले होते. 1992 च्या एका मोठ्या पाहणीत पाच चांगल्या श्रेणी मिळवणारी गोरी मुले 37 टक्के होती, बांगलादेशी 14 टक्के. आता 2013 चा निकाल पाहू. निकष तोवर कडक झालेला. पाच विषयांत इंग्रजी आणि गणित असलेच पाहिजे. त्या निकषावर गोरी ब्रिटिश मुले 60.5 टक्के आणि बांगलादेशी मुले 64 टक्के. जेमतेम एका पिढीत मागचा समाज पुढे गेला. एवढ्या काळात कोणाचे रक्त बदलत नाही. या लोकांचा धर्म बदलला नव्हता, घरातली बोलीही फारशी बदलली नव्हती. म्हणून शिक्षणातली पिछाडी हा एखाद्या समाजाचा स्वभाव आहे, असे मानणे मला चूक वाटते. समाज त्या देशात कुठल्या दाराने शिरला, शाळेने त्याच्या मुलांना काय समजून वर्गात बसवले आणि सरकारने त्यांच्यावर किती पैसा व लक्ष खर्चले, यांचा तो हिशेब असतो. हिशेब बदलला की निकाल बदलतो.

ही कहाणी बांगलादेशी मुलांच्या आधी सुरू होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला बसगाड्यांवर, रुग्णालयांत, कारखान्यांत माणसे हवी होती. जून 1948 मध्ये ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज जमैका आणि आसपासच्या बेटांवरची शेकडो माणसे घेऊन टिलबरी बंदराला लागले, आणि पुढे वर्षानुवर्षे कॅरिबियन बेटांवरून माणसे येत राहिली. त्यांची मुले शाळेत बसू लागली तशी एक विचित्र गोष्ट घडू लागली. ज्यांची कुवत सामान्य मुलांपेक्षा कमी आहे असे ठरवले जाई, त्यांच्यासाठी तिथे वेगळ्या शाळा होत्या. लंडनच्या नेहमीच्या शाळांत स्थलांतरितांची मुले 15 टक्के, तर या वेगळ्या शाळांत 28 टक्के. आणि त्यांतली बहुतेक कॅरिबियन. 1971 मध्ये ग्रेनेडाहून आलेल्या बर्नार्ड कोर्ड या शिक्षकाने एक छोटे पुस्तक लिहून ही गोष्ट चव्हाट्यावर आणली. मुलांना तिकडे धाडण्याआधी घेतली जाणारी बुद्धिमापनाची चाचणीच पक्षपाती आहे, हे त्याने दाखवले. नळाला इंग्लंडमध्ये ‘टॅप’ म्हणतात, कॅरिबियन बेटांवर ‘पाइप’. मुलाने नळ पाहिलेला असतो, त्याचे पाणी भरलेले असते. साहेबाचा शब्द ठाऊक नाही म्हणून गुण जातो, आणि असे गुण जात जात मूल मंदबुद्धी ठरते. बोलीतला शब्द तोंडातून निघाला म्हणून ज्याच्यावर वर्ग हसला आहे, अशा वऱ्हाडी किंवा खानदेशी विद्यार्थ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

कोर्डच्या पुस्तकाने कॅरिबियन पालक हलले. त्यांनी शनिवारच्या शाळा काढल्या, सभा घेतल्या, सरकारकडे चौकशीचा आग्रह धरला. 1981 मध्ये रॅम्प्टन समितीचा अहवाल आला. तिने तपासलेल्या सहा भागांत पाच किंवा अधिक विषयांत वरच्या श्रेणी मिळवणारी कॅरिबियन मुले होती 3 टक्के; आशियाई 18 टक्के, बाकीची 16 टक्के. समितीने गरिबी, भाषा, बालवाडीचा अभाव ही कारणे दिलीच, पण शिक्षकांच्या मनातला नकळतचा दुजाभाव हेही एक कारण असल्याचे लेखी नमूद केले. त्यावर बराच गदारोळ झाला. मुलेच कच्ची येतात, शाळा काय करणार, असा सूर निघाला. त्या सुराला उत्तर देणारे आकडे पुढे 2000 साली डेव्हिड गिलबॉर्न आणि हायडी मिर्झा या अभ्यासकांनी मांडले. एका मोठ्या शहरी भागात पाच वर्षांची कृष्णवर्णीय मुले शाळेत शिरताना स्थानिक सरासरीच्या 20 अंक पुढे होती. सोळाव्या वर्षी बाहेर पडताना 21 अंक मागे. मधली अकरा वर्षे ही मुले शाळेच्याच हातात होती. घरातून कच्चे आलेले मूल शाळेत शिरतानाच मागे दिसायला हवे होते.

शाळेत नेमके घडते काय, हे पाहायला इंग्लंडमध्ये एक चांगली सोय होती. अकराव्या वर्षी प्रत्येक मुलाला एकाच विषयात दोन मूल्यांकने मिळत. एक वर्गशिक्षकाचे, दुसरे बाहेरच्या परीक्षकाचे, ज्याने त्या मुलाला कधी पाहिलेले नसे. सायमन बर्जेस आणि एलन ग्रीव्हज या अर्थशास्त्रज्ञांनी हे दोन रकाने शेजारी ठेवले. बाहेरच्या परीक्षकाने ज्या कॅरिबियन मुलांना चांगले ठरवले होते, त्यांना त्यांच्या स्वतःच्या शिक्षकाने खालचे ठरवण्याचे प्रमाण जास्त निघाले. चिनी आणि भारतीय मुलांच्या बाबतीत कल उलटा होता. शिक्षकाचा अंदाज प्रत्यक्ष गुणांहून वर जाई. आणखी बारीक पाहता असे दिसले की शिक्षकाचा अंदाज त्याच शाळेतल्या त्या समाजाच्या मागच्या मुलांच्या निकालाकडे झुकतो. म्हणजे समोर बसलेल्या मुलीचे मोजमाप करताना गेल्या वर्षीच्या मुलांची सावली तिच्यावर पडते. यात कोणी दुष्ट असावा लागत नाही. वर्षानुवर्षे एकाच प्रकारचा निकाल पाहिलेला, मनाने भला शिक्षकही सावधपणे कमी अपेक्षा धरतो, आणि कमी अपेक्षेचा निकाल कमीच लागतो.

अपेक्षा ही मनातली गोष्ट, तिने गुण कसे कमी होतील, असा प्रश्न रास्त आहे. उत्तर परीक्षेच्या रचनेत सापडते. इंग्लंडमध्ये काही विषयांचे पेपर स्तरांत विभागलेले असतात, आणि कोणी कुठल्या स्तराचा पेपर द्यायचा हे शाळा ठरवते. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत जीसीएसईच्या गणिताला तीन स्तर होते, आणि सगळ्यांत खालच्या पेपरात सगळे प्रश्न अचूक सोडवले तरी डी श्रेणीच मिळे. मार्गी लागायला सी हवी. म्हणजे ज्याला तो पेपर हातात दिला त्याचा निकाल पेपर उघडण्याआधीच लागलेला असे. ऑक्सफर्डचे स्टीव्ह स्ट्रँड यांनी चौदाव्या वर्षाच्या परीक्षांचा अभ्यास केला, तेव्हा वरच्या स्तराला तीन गोरी मुले बसवली जात तिथे कॅरिबियन मुले दोनच बसवली जातात, असे आढळले. आधीचे गुण, घरची परिस्थिती, अभ्यासाची तयारी हे सारे जमेस धरूनही फरक पूर्ण मिटला नाही. शिक्षकाच्या मनातला अंदाज असा कागदावर उतरतो.

इथे एक जोरदार आक्षेप येतो. गोऱ्या शिक्षकाचा दुजाभाव एवढा प्रभावी असेल तर भारतीय मुले पुढे कशी? 2013 मध्ये पाच चांगल्या श्रेणींची भारतीय मुले होती 75.7 टक्के, चिनी 78.1. आपल्यातल्या अनेकांना हा आकडा वाचून मनातून गुदगुल्या होतात, आणि ‘आपल्याकडे विद्येला मान आहेच’ असे वाक्य ओठांवर येते. त्या वाक्याची जरा झडती घेऊ. 1972 मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना हाकलले, त्यांतले सुमारे 28,000 ब्रिटनमध्ये आले. हातात पैसा नव्हता, पण दुकानदारी, हिशेब, इंग्रजी आणि शिक्षण बरोबर होते. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना डॉक्टर हवे होते, म्हणून भारतातून डॉक्टर गेले. पुढे संगणक अभियंते गेले. त्याच उपखंडातून, पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमधल्या मीरपूरची माणसेही गेली. 1960 च्या दशकात झेलम नदीवर मंगला धरण बांधले गेले, त्यात लाखभर लोक उठले. त्यांतले कितीतरी ब्रॅडफर्डच्या आणि लँकेशायरच्या कापडगिरण्यांत रात्रपाळीला लागले. पुढच्या वीसेक वर्षांत गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पाकिस्तानी मुलांचा 2013 चा आकडा 55.5 आहे. कातडीचा रंग सारखा, जेवणाची चव जवळची. दार मात्र वेगळे.

लंडनमधला भारतीय समाज म्हणजे चाळणीतून गाळून गेलेला भारत आहे. विद्येचा मान हेच यशाचे कारण असते, तर तो मान इकडेही तितकाच पिकला असता. तिकडच्या रुग्णालयातल्या मराठी डॉक्टरचा मुलगा आणि बीडहून दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्याचा मुलगा यांची भाषा एक, सण एक, घरात लावलेली तसबीरही कदाचित एकच. पहिला वर्गात पहिला येतो आणि दुसऱ्याचे अर्धे वर्ष कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत जाते. तिथे ‘मराठी संस्कृती’ दोघांनाही पुरली नाही. एकाला आईबापांच्या पदव्या पुरल्या आणि दुसऱ्याला हंगामी वसतिगृहाची गरज पडली. संस्कृतीचे श्रेय लंडनमध्ये घ्यायचे असेल, तर तिचा दोष तळावरही पत्करावा लागेल. आणि तो कोणी शहाणा माणूस पत्करणार नाही.

आफ्रिकेतून आलेल्या आणि कॅरिबियन बेटांतून आलेल्या मुलांची तुलना हीच गोष्ट पक्की करते. रस्त्यावरच्या पोलिसाला किंवा वर्गातल्या शिक्षकाला दोघांच्या रंगात भेद करता येत नाही. तरी 2013 मध्ये आफ्रिकी मुले 61.2 टक्क्यांवर होती आणि कॅरिबियन 53.3 वर. नायजेरिया, घाना इथून आलेली पुष्कळ कुटुंबे उशिरा आली, शिकलेली आली, काही तर शिकायलाच आली. कॅरिबियन मुलांच्या आजोबांनी मंदबुद्धी मुलांच्या शाळा पाहिल्या होत्या, बापांनी शाळेतून काढून टाकल्याची चिठ्ठी. आजही कॅरिबियन मुलांना शाळेतून कायमचे काढण्याचे प्रमाण गोऱ्या ब्रिटिश मुलांहून बरेच जास्त आहे. शाळेवरचा अविश्वास हा अशा घरात वडिलार्जित असतो. ‘घरचे वळण’ म्हणून ज्याकडे बोट दाखवले जाते, त्याचा बराचसा भाग जुन्या शाळेनेच लावलेला असतो.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. वंशबिंश काही नाही, सगळा खेळ गरिबीचा आहे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. तिकडे शाळेतले मोफत जेवण आपल्यासारखे सरसकट नसते. ते प्रामुख्याने कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना मिळते, म्हणून गरिबी मोजायला त्याचा वापर करतात. 2013 मध्ये मोफत जेवण घेणाऱ्या गोऱ्या ब्रिटिश मुलांत पाच चांगल्या श्रेणींपर्यंत पोहोचणारी मुले सुमारे 32 टक्केच होती. त्यांच्या समाजाच्या सरासरीच्या जवळपास निम्मी. गरिबी मारते, यात शंकाच नाही. पण मोफत जेवण घेणाऱ्या बांगलादेशी मुलांचा आकडा 59 च्या आसपास होता. दोन्ही गरीबच, मग एवढी दरी का? कारण गरिबी नावाची एकच एक वस्तू नसते. सिल्हेटहून समुद्र ओलांडून आलेला माणूस गरीब असला, तरी तो मुलाच्या चांगल्या दिवसांची आशा धरूनच निघालेला असतो. ती वर चढणाऱ्याची गरिबी. खाणी आणि कारखाने बंद पडलेल्या गावांतली, किंवा पर्यटक आटलेल्या समुद्रकाठच्या शहरांतली गोरी कुटुंबे तीन पिढ्या खाली घसरताना पाहत आली आहेत. तिथे पुस्तकाने कोणाचे भले झालेले कोणी पाहिलेले नसते. 2021 मध्ये ब्रिटिश संसदेच्या शिक्षण समितीने या गोऱ्या गरीब मुलांवर वेगळा अहवाल काढून त्यांना विसरलेली मुले म्हटले. त्यावरून गोरी विरुद्ध काळी असा सामना लावायचे प्रयत्न झाले. ते उथळ होते. याच गोऱ्या मुलांमुळे वंशाची थिअरी कोसळते: सत्ता ज्यांच्या वंशाची, त्यांचीच गरीब मुले तळाशी दिसतात.

तरीही संस्कृतीचा काही वाटा असणारच, असे वाचकाला वाटेल. आहे. बांगलादेशी आईबापांची आकांक्षा खरी आहे. पण ती 1985 मध्येही होती. तेव्हा याच घरांकडे पाहून इंग्रजीचा अभाव, मशिदीतला संध्याकाळचा वर्ग, ऐन सत्रात महिनामहिना सिल्हेटला जाणे, मुलींची लवकर लग्ने या गोष्टी पिछाडीची कारणे म्हणून मोजल्या जात. आता निकाल सुधारल्यावर त्याच घरांतली शिस्त, एकत्र कुटुंब आणि धार्मिकता यशाची कारणे म्हणून मोजली जातात. जे कारण नापासालाही लागू पडते आणि पासालाही, ते कारण नसून मागाहून चिकटवलेली चिठ्ठी असते. आकांक्षा हे बियाणे आहे. ते असले पाहिजे, पण जमीन कसलेली नसेल तर ते कुजते.

जमीन कशी कसली गेली ते पाहण्यासारखे आहे. 1980 च्या दशकाच्या शेवटी टॉवर हॅमलेट्समध्ये शेकडो मुलांना शाळेत जागाच नव्हती. कुठे वर्ग नाहीत, कुठे शिक्षक नाहीत. 1997 नंतर इथल्या शिक्षण विभागाची सूत्रे क्रिस्टीन गिल्बर्ट यांच्याकडे आली. ‘गरीब वस्ती आहे, एवढाच निकाल लागणार’ हे वाक्य त्यांनी शाळांना सबब म्हणून वापरू दिले नाही. देशात दर मुलामागे सर्वाधिक खर्च करणाऱ्या भागांत टॉवर हॅमलेट्स होते, आणि तो पैसा नेमक्या ठिकाणी लावला गेला: वस्तीतल्याच सिल्हेटी बोलणाऱ्या बायकांना वर्गात मदतनीस नेमणे, प्रत्येक मुलाची प्रगती नोंदणे, चांगले शिक्षक टिकवून धरणे. व्हाइटचॅपल रस्त्यावरच्या ईस्ट लंडन मशिदीला बरोबर घेतले. मुलांना सत्राच्या मध्ये शाळा चुकवू देऊ नका, हे मशिदीतूनही सांगितले जाऊ लागले. 2003 पासून ‘लंडन चॅलेंज’ या योजनेत दुबळ्या शाळांना यशस्वी शाळांचे मुख्याध्यापक जोडून दिले गेले. सोळा वर्षांपुढच्या गरीब मुलांनी नोकरी न धरता शिकावे म्हणून आठवड्याला 30 पौंडांपर्यंत भत्ता मिळू लागला. 2012 च्या सुमारास टॉवर हॅमलेट्सचा निकाल देशाच्या सरासरीच्या पुढे गेला.

यावर बर्जेस यांनीच एक शंका काढली आहे. लंडनच्या शाळा चांगल्या दिसतात कारण तिथे स्थलांतरितांची मेहनती मुले जास्त आहेत, शाळांच्या करामतीने नव्हे, असे त्यांचे गणित सांगते. शंका खोटी नाही. पण 1997 मध्ये टॉवर हॅमलेट्सच्या शाळांत हीच स्थलांतरितांची मुले होती, आणि नंबर 149 वा होता. मुलांची मेहनत तेव्हाही होती. तिला झेलणारी शाळा नव्हती. कोणी म्हणेल, त्या वर्षांत परीक्षाच सोप्या झाल्या. झाल्या असतील, पण त्या सगळ्यांसाठीच झाल्या, आणि गुण सर्वत्र वाढूनही शेवटच्या बाकावरचा समाज पुढच्या बाकावर कसा आला, हा प्रश्न उरतोच. उलट बाजूने रोमा आणि जिप्सी मुलांकडे पाहा. 2013 मध्ये त्यांचा आकडा 13.8 टक्के होता. त्यांच्या वाट्याला टॉवर हॅमलेट्ससारखा एकवटलेला पैसा आला नाही, मतांची ताकद असलेली वस्तीही नाही. फिरत्या बिऱ्हाडाला कुठली एक शाळा आपली म्हणत नाही.

गुण मिळाले म्हणजे सगळे मिळाले असेही नाही. 2009 मध्ये ब्रिटनमधल्या एका सरकारी पाहणीत सारख्या पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले गेले. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला एक होकारार्थी उत्तर यायला 9 अर्ज पुरले, आशियाई किंवा आफ्रिकी वाटणाऱ्या नावाला 16 लागले. शाळेत मिटलेला फरक कचेरीच्या दारात पुन्हा उभा राहतो. पण निदान शाळेचा भाग वीस वर्षांत बदलता येतो, एवढे टॉवर हॅमलेट्सने सिद्ध केले आहे. आपल्याकडे तळावरच्या मुलांविषयी ‘यांच्यात शिक्षणाची गोडीच नाही’ असे कोणी सहज बोलून गेले, तर त्याला 1997 ची ती यादी दाखवावी. शेवटच्या नंबरावर असलेल्या वस्तीबद्दलही तेव्हा हेच बोलले जात होते.